स्पिनिंग रिळावर तंगूस वारंवार गुंतत असेल तर

सांगलीचा घाट, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, म्हैसाळचा बंधारा किंवा साताऱ्याकडे धोम, कण्हेर आणि उरमोडी या धरणांचे काठ, कोठेही रॉड घेऊन बसलेले चार जण पाहिले तर त्यांतला एक जण मासा धरत नसतो, तो मान खाली घालून तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचा, गुंता सोडवत असतो. लहानपणापासून या पाण्यांवर गळ टाकत आल्यामुळे आणि हात थोडा यंत्राकडे वळलेला असल्यामुळे ओळखीपाळखीच्या लोकांची रिळे माझ्याकडे येतात आणि तक्रार जवळजवळ नेहमी हीच असते: "रीळ खराब झालंय, फेकलं की गुंततंय." रीळ खरोखर खराब निघाले असे प्रसंग थोडे. बहुतेक वेळा दोष तंगूस भरण्याच्या पद्धतीत, हँडल फिरवण्याच्या सवयीत किंवा तेलाच्या एका थेंबाने मोकळ्या होणाऱ्या एखाद्या लहान भागात असतो. गुंता दिसतो तो फेकताना, पण तो तयार झालेला असतो त्याआधी, तंगूस ओढून घेताना. म्हणून तपासणीही गुंडाळण्यापासून सुरू करावी, फेकीपासून नव्हे.

येथे विचार केला आहे तो उघड्या स्पूलच्या स्पिनिंग रिळाचा, म्हणजे ज्यात फेकताना स्पूल (तंगूस गुंडाळलेला भाग) स्थिर राहते आणि तंगूस त्याच्या कडेवरून वेढ्या-वेढ्यांनी निघून जातो त्या रिळाचा. बेटकास्टिंग रिळात स्पूल स्वतः फिरते. तेथील गुंता स्पूल तंगुसापेक्षा वेगाने फिरल्यामुळे होतो आणि त्याचे उपाय निराळे आहेत.

लक्षणे

पहिले आणि सर्वांत सामान्य लक्षण असे, की ताण सुटताच तंगूस स्वतःभोवती गुंडाळला जातो आणि रॉडच्या टोकाशी लहान लहान फास दिसू लागतात. दुसरे, फेकीच्या मध्यात पाच-सहा वेढे एकदम उचलले जातात, त्यांचा गोळा रॉडच्या पहिल्या कडीत अडकतो, फेक जागीच थांबते आणि शिसे किंवा आमिष तुटून पाण्यात जाते. तिसरे, फेक पूर्वीपेक्षा आखूड पडते आणि तंगूस कड्यांवर फटफट आपटताना ऐकू येतो. चौथे लक्षण वेगळ्या जातीचे आहे: तंगूस स्पूलच्या खाली, दांड्याभोवती जाऊन बसतो आणि हँडल जड होते. हे चौथे लक्षण पिळाचे नसून सैलपणाचे आहे, कारण बेल, म्हणजे तंगूस स्पूलकडे वळवणारी तारेची कमान, बंद होताना तंगूस ढिला असला तरच तो स्पूलच्या मागे जाऊ शकतो.

तपासणीस लागण्यापूर्वी एक चाचणी करावी, कारण तिच्यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. गळ आणि शिसे काढून टाकावे, तंगूस दोन हातांत मीटरभर अंतरावर धरावा आणि हात हळूहळू जवळ आणावेत. मध्ये पडलेला झोळ नुसता खाली लोंबला तर पीळ नाही. झोळाच्या दोन्ही बाजू चऱ्हाट वळल्याप्रमाणे एकमेकींभोवती फिरू लागल्या तर तंगुसात पीळ भरला आहे. झोळ पिळत नाही, पण तंगूस स्पूलच्या मापाची वेटोळी धरून राहतो, असे दिसले तर त्याला स्पूलचा आकार लागला आहे, म्हणजे तंगूस जुना, जाड किंवा उन्हाने कडक झाला आहे. लोक या दोन गोष्टींत गल्लत करतात, आणि पिळाचा दोष असताना नवा तंगूस आणून भरतात. तो आठवडाभर नीट चालतो आणि पुन्हा गुंततो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सर्वप्रथम स्पूल किती भरले आहे ते पाहावे. तंगुसाची पातळी स्पूलच्या पुढच्या कडेपासून सुमारे 2 ते 3 मिलिमीटर खाली असावी. काठोकाठ भरलेल्या स्पूलवरून वेढे आपल्या मनाने घसरतात आणि एकाच्या ओढीने चार बाहेर येतात. स्पूल फार रिकामे असेल तर उलट होते, तंगूस कडेवर घासत निघतो आणि फेक आखूड पडते, पण गुंता सहसा होत नाही. दुकानदार शंभर मीटरची गुंडाळी देतो आणि घेणारा ती सगळी भरून मोकळा होतो. स्पूलवर काय कोरले आहे ते कोणी वाचत नाही. त्यावर तंगुसाची जाडी आणि त्या जाडीचा किती मीटर तंगूस मावतो हे आकड्यांत लिहिलेले असते. जास्त झालेला तंगूस काढून कापला की निम्म्या तक्रारी तेथेच संपतात.

दुसरी तपासणी हाताची आहे. फेक पूर्ण झाल्यावर बेल हँडल फिरवून बंद करण्याची सवय बहुतेकांना असते. तसे केल्याने पहिला वेढा ताणाशिवाय स्पूलवर पडतो, त्याच्यावर घट्ट वेढे चढतात आणि पुढच्या फेकीत तो सैल वेढा खालून इतरांना घेऊन वर येतो. बेल हाताने बंद करावी, नंतर रिळासमोरचा तंगूस दोन बोटांत धरून जरा ओढावा, तो बेलच्या टोकाच्या लहान चाकावर, म्हणजे रोलरवर, बसला आहे हे पाहावे आणि मगच हँडल फिरवावे. पावसाळ्यात धरणांच्या उघड्या काठांवर नैर्ऋत्येकडून जो वारा सुटतो, त्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण तंगुसाला वाऱ्याने बाक येतो आणि तो बाक संपेपर्यंत रीळ हवा गुंडाळत असते. अशा वाऱ्यात शिसे पाण्याला लागण्याच्या क्षणी स्पूलच्या कडेवर तर्जनी टेकवून तंगूस थांबवावा आणि सुरुवातीचे वेढे बोटांच्या चिमटीतून घ्यावेत.

तिसरी तपासणी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि लोक तीच टाळतात, कारण तिच्यात मासा आलेला असतो आणि अशा वेळी शिकवणे कोणालाच आवडत नाही. मोठा कटला किंवा रोहू लागून पळू लागतो, ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की स्पूल सरकू देणारा ब्रेक, कर्रकर्र वाजत तंगूस सोडतो आणि धरणारा घाबरून हँडल फिरवतच राहतो. या अवस्थेत रोटर, म्हणजे बेल घेऊन स्पूलभोवती फिरणारा भाग, फिरतो, पण तंगूस आत येत नाही. स्पूलवरून निघणारा प्रत्येक वेढा तंगुसाला एक पीळ देतो आणि गुंडाळताना रोटर तो उलटा काढून घेतो, म्हणून एरवी हिशेब बरोबर राहतो. मात्र तंगूस आत न घेता रोटर फिरला की प्रत्येक फेऱ्याला एक पीळ शिल्लक राहतो. रिळावर 5.2:1 असे लिहिले असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटर पाच वेळांहून अधिक फिरतो. ड्रॅग सरकत असताना हँडल दहा वेळा फिरवले की तंगुसात बावन्न पीळ जातात. मासा हातात येतो, आनंद होतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेकीला गुंता होतो. त्याचा संबंध कालच्या माशाशी आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. गळ खडकात किंवा जुन्या जाळ्यात अडकला असताना हँडल फिरवून तो ओढू पाहणे, हा याच चुकीचा दुसरा प्रकार आहे.

उपाय साधा आहे. ड्रॅग वाजत असेल तोपर्यंत हँडल स्थिर धरावे. मासा थांबला की रॉड वर उचलावा आणि रॉड खाली नेताना तेवढाच मोकळा झालेला तंगूस गुंडाळावा. गळ अडकला असेल तर रॉड तंगुसाच्या रेषेत धरावा, स्पूल हाताने दाबून मागे सरकत ओढावे. तो सुटला नाही तर तंगूस कापावा. गळ सोडवायला पाण्यात उतरू नये. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरी आहेत, आणि धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी केव्हा सोडले जाईल याचा भरवसा नसतो.

हे करून पाहिल्यावर तंगुसात आधीच भरलेला पीळ काढावा लागतो, नाहीतर सवय सुधारूनही गुंता चालूच राहील. वाहत्या पाण्याच्या काठी उभे राहून गळ, शिसे, स्विवेल (दोन्ही टोकांना स्वतंत्र फिरणारी जोडकडी) सर्व काढावे, नुसता तंगूस प्रवाहाबरोबर पन्नास-साठ मीटर जाऊ द्यावा, पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि मग बोटांच्या चिमटीतून ताण देत गुंडाळावा. मोकळे टोक पाण्यात फिरून पीळ सोडते. उन्हाळ्यात बंधाऱ्यांनी अडवलेले पाणी जवळजवळ स्थिर असते, तेव्हा हेच काम शाळेच्या मैदानावर किंवा गवताच्या माळावर तंगूस सरळ पसरून करता येते. ऊस तोडलेल्या रानात करू नये. बुडख्यांत तंगूस अडकतो आणि ओरखडतो.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

आता आमिषाकडे वळावे. धातूची फिरती फिरकी, एका बाजूने झिजलेला कणकेचा गोळा, चारा भरायची अर्धी रिकामी झालेली स्प्रिंग, गळावर तिरका ओवलेला गांडूळ, यांपैकी काहीही वेगाने ओढले की पाण्यात गरगर फिरते आणि आपली फेर तंगुसाला देते. म्हणून गळाच्या वर स्विवेल बांधावा, आणि फिरकी वापरत असल्यास तो बॉल बेअरिंगचा असावा, कारण साधा पिंपाच्या आकाराचा स्विवेल हातात छान फिरतो, पण ताण आला की अडतो. मरळीसाठी रबरी बेडूक वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो. बेडूक पृष्ठभागावरून पोटावरच घसरत येतो आणि उलटापालट होत नाही. संध्याकाळी निघायच्या घाईत रिकामी स्प्रिंग शक्य तितक्या वेगाने ओढून घेणे मात्र सर्वांनी बंद करावे.

ड्रॅग किती घट्ट असावा याचा अंदाज बोटांनी घेऊ नये. सामान तोलायचा ताणकाटा तंगुसाच्या टोकाला लावून रॉड उचलावा. तंगूस ज्या वजनाला तुटतो त्याच्या साधारण पाव ते एकतृतीयांश वजनाला ड्रॅग सरकू लागला पाहिजे. म्हणजे पाच किलोच्या तंगुसाला सव्वा ते सुमारे पावणेदोन किलो. ड्रॅग याहून सैल असेल तर किरकोळ माशालाही तो सरकतो आणि वर सांगितलेला पीळ दर वेळी भरतो. घरी आल्यावर ड्रॅगची चकती सैल करून ठेवावी, कारण आतील नमद्याचे वॉशर दाबलेले राहिले की चपटे होतात आणि मग ड्रॅग झटके देत सरकतो.

यानंतर तंगूस कसा भरला आहे हे तपासावे. दुकानातली गुंडाळी पेन्सिलीत ओवून फिरवत भरण्याची पद्धत दिसायला योग्य वाटते, पण स्पिनिंग रिळाला ती योग्य नाही, कारण रोटर प्रत्येक फेऱ्यात एक पीळ घालतो आणि पेन्सिलीवर फिरणारी गुंडाळी तो परत करत नाही. गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवावी, तंगूस तिच्यावरून वेढ्यांनी निघू द्यावा, दहा-पंधरा वेढे घेतल्यावर थांबून तंगूस ढिला सोडून पाहावा. तो पिळू लागला तर गुंडाळी उलटी करून ठेवावी. भरताना तंगूस ओल्या फडक्यातून घ्यावा म्हणजे ताण एकसारखा राहतो.

तंगुसाची जाडी हा वादाचा विषय आहे. आमच्याकडे "मोठा मासा लागला तर?" या भीतीने लहान रिळावर अर्धा मिलिमीटर जाडीचा तंगूस भरलेला दिसतो. तो इतका कडक असतो की स्पूलवर बसायलाच तयार नसतो. 2500 किंवा 3000 मापाच्या रिळाला 0.25 ते 0.30 मिलिमीटर पुरेसा आहे, आणि ड्रॅग नीट लावला असेल तर त्याच्यावर चार-पाच किलोचा कटला निवांत येतो. त्याहून जाड तंगूस हवाच असेल तर मोठे रीळ घ्यावे. नायलॉन उन्हाने कडक आणि ठिसूळ होतो. मे महिन्यात मोटारसायकलला बांधून फिरवलेल्या किंवा ओट्यावरच्या भिंतीला बाराही महिने टांगलेल्या रिळावरचा तंगूस पांढरट पडला असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नये. सगळा बदलायची गरज नसते. खालचा थर भर म्हणून ठेवावा आणि वरचा, फेकीत जाणारा तेवढा नवा जोडावा. गाठ मात्र नेहमीच्या फेकीच्या पलीकडे राहील असे पाहावे. कापून काढलेला तंगूस काठावर टाकू नये, बगळ्यांच्या आणि पाणकावळ्यांच्या पायांत तो अडकतो. बारीक तुकडे करून घरी आणावा.

ब्रेडेड लाईन, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, वापरणाऱ्यांसाठी एवढेच, की तिच्याखाली थोडा तंगूस किंवा चिकटपट्टी नसेल तर अख्खा गुंडा स्पूलवर गोल फिरतो, आणि ड्रॅग कितीही आवळला तरी तो सरकत असल्याचा भास होतो.

रिळाच्या भागांची तपासणी

हाताचे, तंगुसाचे आणि आमिषाचे दोष वगळल्यानंतरच रिळाकडे पाहावे. पहिला संशय लाईन रोलरवर घ्यावा. बेलच्या एका टोकाला, जेथे तंगूस वळून स्पूलकडे येतो, तेथे हे लहानसे चाक असते. तंगुसाचा तुकडा त्याच्यावरून ताणून पुढे-मागे ओढावा. चाक तंगुसाबरोबर फिरले पाहिजे. पुराच्या पाण्यातला गाळ त्यात बसला की ते जाम होते, तंगूस त्याच्यावर फिरण्याऐवजी घासतो, कडेला सरकून पीळ घेतो, आणि वर्षभरात चाकावर खाच पडते. जाम चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब देऊन बोटाने फिरवत राहावे. बहुतेक वेळा ते मोकळे होते. खोबरेल तेल वापरू नये, साताऱ्याच्या थंडीत सकाळी ते गोठलेले असते. गंज सोडवणारे फवारेही मारू नयेत, ते आतले ग्रीस धुऊन टाकतात. चाकावर नखाला लागण्याइतकी खाच पडली असेल तर तेलाने काही होणार नाही, चाक बदलावे लागेल.

नंतर कापसाचा बोळा घेऊन स्पूलच्या कडेवरून आणि रॉडच्या प्रत्येक कडीतून फिरवावा. जेथे कापसाचे तंतू अडकतील तेथे चरा किंवा तडा आहे. स्पूल खडकावर आपटले की कडेला चरा पडतो. तो बारीक वॉटर पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने गुळगुळीत करता येतो. कडीच्या आतले चिनी मातीचे वर्तुळ फुटले असेल तर ते घासू नये. ती कडीच बदलावी, कारण फुटलेली धार एका दिवसात तंगूस खरवडते.

शेवटची घरगुती तपासणी तंगुसाच्या चढणीची आहे. भरलेले स्पूल बाजूने पाहावे. तंगूस सर्वत्र सारख्या उंचीचा किंवा पुढच्या कडेकडे किंचित उतरता असेल तर ठीक. पुढच्या कडेजवळ जास्त साचला असेल तर वेढे पुढे घसरणारच, मग स्पूल काठोकाठ भरलेले नसले तरीही. स्पूल काढल्यावर दांड्यावर पातळ वॉशर दिसतात. एक वॉशर वाढवला की स्पूल थोडे वर येते आणि तंगूस मागच्या बाजूला चढू लागतो. काढला की उलट होते. एका वेळी एकच वॉशर बदलावा आणि पुन्हा भरून पाहावे. अनेक रिळांच्या खोक्यात असे दोन-तीन वॉशर जादा दिलेले असतात आणि ते खोक्याबरोबर फेकले जातात.

कोठे थांबावे

बेलची तार वाकली असेल, बेलची स्प्रिंग ढिली पडून ती फेकतानाच मध्ये बंद होत असेल, हँडल फिरवताना दळल्यासारखा खरखर आवाज येत असेल, स्पूल वर-खाली होताना डोलत असेल किंवा हँडल उलट्या दिशेने थोडेसे फिरत असेल, तर थांबावे. डोलणारे स्पूल म्हणजे आतील दांडा वाकलेला असतो आणि तो घरी सरळ होत नाही. उलटे फिरणारे हँडल म्हणजे एका दिशेने फिरू देणारा बेअरिंग घसरतो आहे. त्यात सुईएवढे रोळ आणि केसाएवढ्या स्प्रिंगा असतात, झाकण उघडताच त्या उडतात आणि सापडत नाहीत. बेलची तार पक्कडीने सरळ करणारे पुष्कळ भेटतात. ती वरून सरळ दिसते, पण बेल पूर्वीच्या जागी येत नाही आणि तंगूस रोलरऐवजी तारेवरच थांबतो.

रीळ गाळाच्या पाण्यात पूर्ण बुडाले असेल तर चालू असले तरी ते उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून घ्यावे, आणि हे काम जाणकाराकडून करावे. सांगली-साताऱ्यात केवळ रिळे दुरुस्त करणारा माणूस सहजी मिळत नाही. मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या दुकानदाराला विचारावे, त्याच्यामार्फत पुण्याला किंवा कंपनीकडे रीळ पाठवता येते. मात्र आधी सुट्या भागांची किंमत विचारावी. अगदी स्वस्त रिळांचे भाग मिळतच नाहीत, आणि मिळाले तरी दुरुस्ती नव्या रिळाइतकी पडते. तेव्हा ते रीळ मोडीत काढून त्याचे स्पूल आणि वॉशर तेवढे ठेवून द्यावेत.

दुरुस्तीला देताना स्पूलवरचा तंगूस काढू नये. तो कोणत्या बाजूला चढला आहे, कोठे खरवडला आहे यावरून दुरुस्ती करणाऱ्याला अर्धे निदान रीळ न उघडता करता येते. कोणत्या तपासण्या झाल्या आणि तेल कोठे दिले ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे, आणि वॉशर काढलेले असतील तर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने दोऱ्यात ओवून द्यावेत.